घाटमाथ्यावरील सागरवंश

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, सह्याद्रीच्या धारेला पाठ लावून बसलेला जो डोंगराळ मुलूख जुन्या दफ्तरांतून नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ अशा नावांनी आढळतो, त्याचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची या किल्ल्यांपासून आरंभ करतो, देशमुखांच्या वतनांचा आणि त्यांच्या तंट्यांचा तपशील देतो, आणि बोरघाटातून चढलेल्या व उतरलेल्या फौजांपाशी येऊन थांबतो. हा क्रम गैर नाही. या मुलखाने जे घडविले त्याचा तो सर्वांत तेजस्वी भाग आहे. परंतु याच मावळाचा आणखी एक इतिहास आहे, ज्याची कागदपत्रे पुण्याच्या पेशवे दफ्तरात सापडावयाची नाहीत. ती लंडनच्या, कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या शास्त्रीय नियतकालिकांत विखुरलेली आहेत, आणि त्यांचा विषय आहे ओल्या कातळावर, ओढ्याच्या गाळात आणि भातखाचरांच्या मातीत राहणारे, बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहूनही लहान असे प्राणी. त्यांना ओळखावे कसे, त्यांना नाव काय द्यावे आणि कोणत्या कुळात बसवावे, या प्रश्नांवर पावणेदोनशे वर्षे जे परिश्रम झाले, त्यांतून एक विलक्षण गोष्ट सिद्ध झाली: समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटर उंचीवरील या घाटमाथ्यावर सागराचे वंशज नांदत आहेत.

समुद्राचे आणि मावळाचे नाते मनुष्याच्या बाबतीत तरी फार पुरातन आहे. सोपारा, कल्याण यांसारख्या बंदरांतून निघालेला माल ज्या वाटांनी देशावर चढत असे, त्यांपैकी बोरघाटाची वाट एक प्रमुख. आणि त्या वाटेच्या माथ्यावर कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी कोरली गेली, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांच्या आणि सोपाऱ्याहून आलेल्या दात्यांच्या देणग्यांचे लेख आहेत, ते याच वर्दळीचे साक्षीदार होत. पर्जन्याचे पाणीही येथे दोन समुद्रांत विभागले जाते. घाटमाथ्याच्या पूर्वेस पडलेला थेंब इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातो. पश्चिमेच्या कड्यावरून कोसळलेला थेंब उल्हास किंवा पाताळगंगा या नद्यांच्या वाटेने अरबी समुद्र गाठतो. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळा–खंडाळ्याच्या या धारेवर पावसाळ्याचे चार महिने कातळ सतत ओघळत असतो, आणि त्या ओघळणाऱ्या कातळापासूनच आपल्या कथेस प्रारंभ होतो.

इंग्रजी अंमलात बोरघाटाचे स्वरूप दोनदा पालटले. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने घाटातील गाडीरस्ता वाहतुकीस खुला केला. आणि १८५६ पासून सात वर्षे सुरुंग, बोगदे आणि पूल यांचे अविश्रांत काम चालून, असंख्य मजुरांचा पटकीने आणि अपघातांनी बळी घेऊन, १८६३ साली १,८३१ फुटांची चढण चढणारा लोहमार्ग पुरा झाला. त्याच १८६३ साली, लंडनहून निघणाऱ्या ‘ॲनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’ या मासिकात, पश्चिम घाटाच्या कड्यांवर राहणाऱ्या दोन शंखधारी प्राण्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. लेखक होता विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड, भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणातील अधिकारी, ज्याच्याकडे दख्खनच्या काळ्या खडकाची पाहणी करण्याचे काम आलेले होते. खडकाचे थर मोजीत कड्याकड्याने हिंडणाऱ्या या माणसाची दृष्टी खडकावर चिकटलेल्या जीवांवरही तितक्याच साक्षेपाने पडत असे. त्याचा बंधू हेन्री पुढे हिंदुस्थानच्या हवामानखात्याचा पहिला प्रमुख झाला. परंतु शंखशास्त्राचे वेड दोघांनाही होते, आणि भारतीय गोगलगायींवरील त्यांचे लेख आजही संदर्भासाठी चाळावे लागतात.

ब्लॅनफर्डने वर्णिलेल्या दोन प्राण्यांपैकी एकाला त्याने लिथोटिस रुपिकोला हे नाव दिले आणि दुसऱ्याला सह्याद्रीच्या नावावरून सिहाड्रेन्सिस असे जातिनाम देऊन क्रेम्नोबेटिस या नव्या प्रजातीत ठेवले. दोघेही एकाच प्रकारच्या उभ्या, पाणी पाझरणाऱ्या कातळाचे रहिवासी. दोघेही आकाराने जेमतेम सेंटिमीटरभर. दोघांचेही अन्न खडकावरील शेवाळाचा पातळ थर. एवढे साम्य असूनही त्यांची घराणी सर्वस्वी भिन्न. लिथोटिस हा हवेत श्वास घेणाऱ्या भूचर गोगलगायींच्या गोतातला, ज्याच्या शंखाच्या मुखावर झाकण नाही. दुसऱ्याच्या शंखाला घट्ट बसणारे झाकण आहे, आणि त्याच्या शरीररचनेचा प्रत्येक पुरावा लिटोरायनिडी या कुळाकडे, म्हणजे भरती-ओहोटीच्या रेषेवर खडकांना बिलगून राहणाऱ्या सागरी शंखांच्या कुळाकडे, बोट दाखवितो. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर, लाटांचे तुषार जेथवर पोहोचतात तेथवर दाटीने बसलेले जे छोटे शंख दिसतात, त्यांचा हा भाऊबंद बोरघाटाच्या कड्यावर गोड्या पाण्यात वस्ती करून राहिलेला आहे.

या प्राण्याच्या नावाचा प्रवासही बोधप्रद आहे. त्याचा एक सगोत्र ब्लॅनफर्डच्या आधीच, १८५५ साली, एडगर लिओपोल्ड लेयार्ड याने महाबळेश्वरहून मिळालेल्या शंखांवरून कॅरिनेटस या नावाने नोंदविला होता. परंतु केवळ शंखाचा बाह्याकार पाहून त्याने त्याला अमेरिकेतील नद्यांत राहणाऱ्या एका प्रजातीत घातले, आणि सह्याद्रीचा रहिवासी काही काळ परक्या खंडाच्या खात्यावर चढला. ब्लॅनफर्डने तो हिशेब दुरुस्त केला, पण त्याने योजिलेले क्रेम्नोबेटिस हे नाव आधीच एका सागरी माशाला दिले गेलेले असल्यामुळे प्राणिशास्त्राच्या नियमांनुसार रद्द ठरले; १८६९ साली त्याने त्याऐवजी क्रेम्नोकाँकस हे नाव दिले, तेच आज रूढ आहे. पुढे भूविज्ञान सर्वेक्षणातीलच फेर्दिनांद स्तोलिच्का या मोरेव्हियन विद्वानाने, ज्याचा १८७४ साली यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये अंत झाला, क्रेम्नोकाँकसची अंतर्रचना तपासली. जिभेवरील सूक्ष्म दातांच्या रांगा, जननेंद्रियांची ठेवण, मज्जारज्जूंची मांडणी अशा गोष्टींवरून नाते ठरविण्याची ही रीत हळूहळू प्रस्थापित होत होती. वतनाच्या तंट्यात गोतसभा जशी दावेदाराच्या पागोट्यावर न जाता वंशावळ, जुनी सनद आणि शेजारपाजारच्या साक्षी पाहून महजर करीत असे, तशीच ही वर्गीकरणाची रीत बाह्य वेषाला बाजूस सारून आतील पुराव्यावर निवाडा करते.

हा निवाडा किती कठीण आहे आणि त्याला किती काळ लागतो, हे समजण्यास आपल्याला घाट उतरून क्षणभर समुद्राकडे जावे लागेल. १७५८ साली स्वीडनच्या लिनीयसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राणिसृष्टीचे सहा वर्ग केले, तेव्हा शंखधारी प्राणी, जेलीमासे आणि सर्व प्रकारचे कृमी त्याने वर्मीस या एकाच वर्गात घातले. मणक्याचा नाही आणि कीटकही नाही, एवढेच त्या वर्गाचे बंधन. पुढच्या शंभर वर्षांत तो वर्ग फुटत गेला. फ्रान्सच्या लामार्कने १८०२ साली वलयांकित शरीराच्या कृमींचा स्वतंत्र वर्ग केला, साव्हिन्यीने त्यांच्या अंगावरील दृढरोमांचे बारकाईने निरीक्षण करून मांडणी केली, आणि १८५० साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ग्रूबे याने त्यांची दोन मोठी दालने पाडली: एकात पॉलिकीटा, म्हणजे प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंस मांसल पार्श्वपाद आणि त्यांवर रोमांचे झुबके असलेले, बहुतांशी सागरी प्राणी, दुसऱ्यात ऑलिगोकीटा, म्हणजे पार्श्वपाद नसलेली, मोजक्याच रोमांची गांडुळे आणि त्यांचे गोड्या पाण्यातील बारीक आप्त.

पॉलिकीटांच्या, म्हणजेच सागरी रोमश कृमींच्या, जाती आज दहा हजारांहून अधिक ज्ञात आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा काही मिलिमीटरांच्या पलीकडे वाढत नाहीत. त्यांची ओळख पटविण्याचे काम ओहोटीच्या वेळी सुरू होते. कालवांचे पुंजके, शेवाळाची मुळे, फुटक्या शिंपल्यांच्या भेगा आणि खाडीचा गाळ बारीक चाळणीतून धुतला की हे जीव हाती येतात. परंतु ते इतके नाजूक की, धरावयास जावे तर काहींच्या पाठीवरील खवले झडतात आणि काहींचे तुकडे होतात, म्हणून त्यांना आधी हळूहळू बधिर करून मगच फॉर्मॅलिनमध्ये आणि पुढे अल्कोहोलमध्ये ठेवावे लागते. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याच्या टोकावरील शृंगिका आणि नेत्रबिंदू मोजावयाचे, एखादा पार्श्वपाद कापून काचपट्टीवर मांडावयाचा, आणि त्यावरील प्रत्येक रोम साधा आहे की सांध्याचा, त्याच्या टोकाचे पाते लांब आहे की आखूड, दातेरी आहे की गुळगुळीत, हे लिहून काढावयाचे. नेरिडिडी कुळात बाहेर उलटून येणाऱ्या सोंडेवर बारीक कठीण दाणे असतात. ते सोंडेच्या ज्या आठ ठरलेल्या क्षेत्रांवर विखुरलेले असतात, त्यांची संख्या आणि रचना यांवरून जात निश्चित होते. सिलिडी कुळात घशामागील स्नायुमय नळीची लांबी आणि रोमांच्या पात्यांचा आकार निर्णायक ठरतो. दोन कृमी उघड्या डोळ्यांना एकरूप दिसावेत आणि एका रोमाच्या टोकावरील दाताने त्यांचे कूळ वेगळे व्हावे, असा हा व्यवहार आहे. त्यात घाई करणाऱ्याला स्थान नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात या कामाला संस्थेचे बळ मिळाले ते नेल्सन ॲनंडेल या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञामुळे. १९०७ साली तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला, त्याच वर्षी त्याने ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’ हे नियतकालिक सुरू केले, आणि १९१६ साली त्याच्या पुढाकाराने भारतीय प्राणी सर्वेक्षण हे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. ॲनंडेलला विशेष ओढ होती ती समुद्र आणि गोडे पाणी यांच्या सीमेवरील प्राण्यांची. ओरिसातील चिल्का सरोवराच्या पाहणीत मिळालेले रोमश कृमी त्याने आयर्लंडच्या रोलंड सदर्न याच्याकडे सोपविले. सदर्नने १९२१ साली त्यांवर प्रबंध प्रसिद्ध केला, आणि खाऱ्या पाण्यातून मचूळ व गोड्या पाण्याकडे सरकलेल्या जातींची त्यात नोंद झाली. सागरी कुळातील प्राणी किती आतवर आले आहेत, हा प्रश्न त्यामुळे साऱ्या द्वीपकल्पासाठी खुला झाला होता, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग सह्याद्रीत दडलेला होता.

ते उत्तर शोधणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. मालवणच्या परिसरात १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असताना सह्याद्रीच्या ओढ्यानद्यांची पाहणी करीत असत. सातारा जिल्ह्यातील मेढ्यापाशी वेण्णा नदीच्या डोहांत त्यांना १९११ च्या सुमारास जेलीमासे आढळले. हा शोध साधा नव्हता. गोड्या पाण्यातील या प्रजातीचे जेलीमासे तोवर आफ्रिकेतील टांगानिका सरोवर आणि त्या खंडातील इतर जलाशय यांतूनच ठाऊक होते. समुद्रापासून पर्वताच्या पलीकडे असलेल्या कृष्णेच्या एका उपनदीत ते सापडावेत, याने विद्वत्समाज चकित झाला. ॲनंडेलने त्या जातीचे लिम्नोक्निडा इंडिका या नावाने वर्णन केले, आणि आघारकरांनी फ्रेडरिक हेन्री ग्रेव्हली याच्यासह १९१२ साली तिच्या सवयींवर व प्रसारावर टिपण लिहिले. हा ग्रेव्हली स्वतः सागरी रोमश कृमींचा जाणकार होता. त्यांच्या अर्भकावस्थांवर त्याने आधीच संशोधन केले होते, आणि पुढे मद्रासच्या संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर मन्नारच्या आखातातील क्रुसडाई बेटाच्या किनाऱ्यावरील कृमींची यादी त्याने सिद्ध केली. सह्याद्रीच्या डोहाकाठी किनारपट्टीचा जाणकार आणि कोकणचा पुत्र एकत्र यावेत, यात या विद्येचे खरे स्वरूप प्रकट होते. आघारकर पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळले, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले, पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्थानबद्धता सोसूनही त्यांनी तेथे उच्च अध्ययन पुरे केले, आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. आज तिची संशोधन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९१९ साली ॲनंडेलने मुंबई इलाख्यातील काही लहान ओढ्यांच्या प्राणिसृष्टीवर विस्तृत लेख प्रसिद्ध केला. याच दशकात लोणावळ्याच्या परिसराचे जलस्वरूप वेगाने पालटत होते: टाटांच्या जलविद्युत योजनेने वळवण आणि शिरवटा येथे धरणे बांधून घाटमाथ्यावरचे पाणी अडविले, आणि १९१५ पासून ते नळांवाटे खोपोलीच्या वीजगृहात उतरविले जाऊ लागले. ज्या काळात घाटातील ओढ्यांचे मार्ग बदलत होते, त्याच काळात सह्याद्रीच्या ओढ्यांतील स्पंज, शंख, मासे आणि कृमी यांची शास्त्रशुद्ध गणती होत होती, हा एक भाग्याचा योग मानला पाहिजे. कारण पालट होण्यापूर्वी काय होते याची नोंद नसेल, तर पालट झाला हेही पुढच्या पिढीला कळत नाही.

ऑलिगोकीटांचे काम जॉन स्टीफन्सन या सैनिकी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्याकडे होते. लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात तो जीवशास्त्राचा प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होता. फारसीचा असा व्यासंगी की सनाईच्या ‘हदीका’ या सूफी काव्याच्या पहिल्या खंडाचे इंग्रजी भाषांतर त्याने १९१० साली केले, आणि ‘नुज्हतुल कुलूब’ या ग्रंथातील प्राण्यांविषयीचा भागही पुढे इंग्रजीत आणला. जर्मनीतील हँबर्गच्या मिखाएलसेनने १९१० साली भारत व सिंहलद्वीप येथील गांडुळांचा आढावा घेतला होता. त्यावर स्वतःच्या आणि संग्रहालयाच्या नमुन्यांची भर घालून स्टीफन्सनने १९२३ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील ऑलिगोकीटांचा खंड लिहिला. पश्चिम घाटातील गांडुळांच्या अभ्यासाचा पाया आजही तोच आहे. गांडुळाची जात ठरवावयाची तर रोम आठ आहेत की वलयाभोवती पुरते कडे आहे, पर्याणिका, म्हणजे अंगावरील फुगीर पट्टा, कितव्या वलयापासून कितव्या वलयापर्यंत पसरली आहे, आणि आतील ग्रंथी व कोष कोणत्या वलयांत आहेत, हे एकेक करून पाहावे लागते. समुद्रकाठच्या आणि भातखाचरातल्या कृमींची परीक्षा अशी एकाच पद्धतीने चालते. स्वातंत्र्यानंतर जे. एम. जुल्का यांनी १९८८ साली प्राणी सर्वेक्षणाच्या मालेत ऑक्टोकीटिडी कुळावर स्वतंत्र खंड लिहून हे काम पुढे नेले.

समुद्राच्या बाजूने असेच दफ्तर सिद्ध केले ते फ्रान्सच्या पिएर फोवेल याने. आँजे येथील या अध्यापकाने इंडियन म्युझियममधील रोमश कृमींवर १९३२ साली प्रबंध लिहिला, आणि १९५३ साली, वयाच्या शहाऐंशी-सत्त्याऐंशीव्या वर्षी, भारत, पाकिस्तान, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व मलाया येथील पॉलिकीटांचा ग्रंथ पूर्ण करून दिला. भारतीय किनाऱ्यावरील कृमी ओळखू इच्छिणारा विद्यार्थी पुढची अनेक वर्षे त्याच ग्रंथाच्या कोष्टकांवरून वाटचाल करीत राहिला. आपल्या किनाऱ्यापुरते पाहिले तर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अ. ह. परुळेकर यांनी १९७१ साली मुंबई निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात महाराष्ट्र व गोवा येथील पॉलिकीटांची यादी वर्णनासह प्रसिद्ध केली; पुढे याच परुळेकरांनी भारताच्या सहाव्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व केले. मराठी किनाऱ्याच्या चिखलातील कृमींचे रोम मोजणारा अभ्यासक अंटार्क्टिकापर्यंत जातो, यात मला विसंगती वाटत नाही. सूक्ष्माकडे निष्ठेने पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याची दृष्टी संकुचित राहत नाही.

येथवरची मांडणी अशी की, रोमश कृमी समुद्राचे आणि गांडूळ जमिनीचे. ग्रूबेने पाडलेली दोन दालने स्वतंत्र. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस वंशद्रव्याच्या तुलनेचे साधन हाती आले, आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही भिंतच पाडली. पुढच्या व्यापक अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. निष्कर्ष असा की गांडूळ आणि जळू यांचा वंश सागरी रोमश कृमींच्या वृक्षाबाहेर उभा नसून त्याच वृक्षाची एक शाखा आहे; पार्श्वपाद नाहीसे झाले, रोम उणावले, परंतु रक्त तेच. म्हणजे मावळातील शेतकऱ्याच्या नांगराखाली वर येणारे गांडूळ हे वंशाने सागरी रोमश कृमीच आहे. ज्या प्राण्याला आपण भूमीचा अस्सल पुत्र मानतो, त्याचे मूळ खाते समुद्राच्या दफ्तरात निघावे, हा वर्गीकरणशास्त्राने दिलेला सर्वांत मोठा निवाडा आहे, आणि तो एका दिवसात झालेला नाही. त्यामागे रोम मोजणाऱ्यांच्या सात-आठ पिढ्या उभ्या आहेत.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही खंडाळ्यातच आहे. पावसाळ्यात दगडाखाली, ओल्या मातीत सापडणारा एक हातपाय नसलेला, वलयांकित अंगाचा प्राणी कोणीही पाहून गांडूळच म्हणेल. १९६० साली एडवर्ड टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने खंडाळ्याच्या नमुन्यावरून त्याचे इंडोटिफ्लस बॅटर्सबायी असे नामकरण केले. तो देवगांडुळांपैकी एक आहे: त्याला पाठीचा कणा आहे, जबड्यात दात आहेत, आणि नात्याने तो बेडकांच्या गोतातला उभयचर आहे. एकाच मातीत एक प्राणी गांडुळासारखा दिसतो पण बेडकाचा आप्त आहे, आणि दुसरा खरा गांडूळ असून समुद्रातील कृमींचा वंशज आहे. ओळखीचा पहिला मोह आवरून दुसरा पुरावा मागावा, हा धडा याहून स्पष्टपणे कोठे मिळेल?

क्रेम्नोकाँकसची कथाही अलीकडेपर्यंत वाढत राहिली. लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयातील डेव्हिड रीड आणि कर्नाटकातील एन. ए. अरविंद व एन. ए. मध्यस्थ यांनी २०१३ साली या प्रजातीचा समग्र फेरविचार प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील तीन जुन्या जातींना त्यांनी कर्नाटकातील सहा नव्या जातींची जोड दिली. लिटोरायनिडी कुळात गोड्या पाण्यात राहणारी ही एकमेव प्रजाती आहे, आणि ती पश्चिम घाटाखेरीज जगात कोठेही नाही. ब्लॅनफर्डने खडक पाहताना टिपलेल्या एका शंखातून दीडशे वर्षांनी असा वंशविस्तार उलगडावा, हे त्याच्या पहिल्या नोंदीच्या प्रामाणिकपणाचे फळ होय. कारण नवे साधन आले तरी जुना नमुना, त्याचे ठिकाण आणि त्याचे अचूक वर्णन यांच्यावाचून ते निरुपयोगी असते.

आज बोरघाटात लोहमार्गाच्या जोडीला द्रुतगती मार्ग आहे, दरडी कोसळू नयेत म्हणून कातळ तासले जातात आणि त्यांवर लोखंडी जाळ्या चढविल्या जातात, घाटमाथ्यावर बंगल्यांची आणि विश्रामगृहांची वस्ती वाढते आहे. प्रवाशांच्या जीविताची काळजी अर्थातच घेतली पाहिजे. परंतु ज्या कातळाला आपण केवळ अडथळा समजतो, तो काहींचे एकमेव वतन आहे, याची नोंद कामाच्या आराखड्यात असली पाहिजे, आणि ती नोंद करावयाची तर आधी त्या रहिवाशाचे नाव ठाऊक पाहिजे. निनावी प्राण्याच्या वतीने कोणत्याही कचेरीत दाद मागता येत नाही. प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे आणि आता ते आकुर्डीस, मावळाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. लोणावळा, तळेगाव आणि वडगाव येथील महाविद्यालयांत दरवर्षी प्राणिशास्त्राचे विद्यार्थी येतात. त्यांनी आपापल्या गावचा एक ओढा, एक कडा, एक खाचर निवडून तेथील शंखांची व कृमींची शास्त्रोक्त यादी करावी, नमुने केंद्रात जमा करावेत, आणि वर्षामागून वर्षे तीच जागा पुनःपुन्हा तपासावी, एवढा साधा उपक्रम जरी नेमाने चालला, तरी मावळच्या प्रत्येक तर्फेचे स्वतःचे प्राणिदफ्तर उभे राहील.

ब्लॅनफर्ड, ॲनंडेल आणि स्टीफन्सन हे परक्या राज्याचे नोकर होते. आघारकर आणि परुळेकर आपले होते. मिखाएलसेन आणि फोवेल यांनी दूरदेशी बसून काम केले. या सर्वांना जोडणारी गोष्ट एकच: ज्याकडे कोणी पाहत नाही अशा जिवाकडे पुरेसा वेळ पाहत राहण्याची त्यांची तयारी. गडांचा इतिहास जपण्यासाठी मावळाने जी आस्था दाखविली, तिचा काही अंश त्या गडांच्या पायथ्याच्या ओल्या कातळाला मिळाला, तर घाटमाथ्यावरील हा सागरवंश पुढील पिढ्यांना ग्रंथांत आणि प्रत्यक्षातही भेटेल. आणि त्या भेटीची तजवीज करणे हे आता परक्या सरकारचे किंवा दूरच्या संग्रहालयाचे काम राहिलेले नाही, ते सर्वस्वी आपले कर्तव्य आहे.